बाहेरगावच्या बाई

६ जानेवारी

काल हार्डवेअरवाल्यांच्या गोदामात रंगाच्या डब्यांवर बसून आम्ही अकरा दुकानदारांनी समिती काढली. अध्यक्ष तेच झाले, कारण गोदाम त्यांचं. मी सचिव झाले, कारण माझं अक्षर बरं आणि दहा माणसांसमोर नाही म्हणायची भीड वाटली. खोटं कशाला लिहू, नाही म्हणायचंच नव्हतं. ठराव लिहायला समितीनं एक वही दिली आहे. तिच्यात सगळं 'सर्वानुमते' असतं. मनातलं लिहायला ही दुसरी काढली.

गावाबाहेर हमरस्त्याला ते मोठं दुकान सुरू होऊन चार महिने झाले. कपडे, चपला, औषधं, पाव, स्क्रू, सगळं एका छपराखाली. चार महिन्यांत आमच्या बाजाररस्त्यावरची पाच दुकानं बंद पडली. सहावं माझं होऊ नये म्हणून मी हे करते आहे, असं अध्यक्षांना वाटतं. मलाही तसंच वाटतं.

माझं दुकान बटणांचं. बटणं, दोरे, चेन, इलॅस्टिक, सुया. भिंतभर लहान लहान खण आणि प्रत्येक खणावर आतल्या मालाचं एकेक बटण शिवलेलं. ही सगळी ह्यांची हौस. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. भिंतीपलीकडे वन्संचं शिवणकामाचं दुकान. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणी. बत्तीस वर्षांपूर्वी नवरा वारला तेव्हा त्या माहेरी आल्या, आणि ह्यांनी मधली भिंत फोडून दार काढलं. कापड तिकडे, बटण इकडे, गिऱ्हाइकाला रस्त्यावर उतरायला नको. लेक नोकरीसाठी शहरात असते. वरच्या दोन खोल्यांत आता आम्ही दोघीच.

सचिव झाल्याचं सांगितलं तेव्हा वन्सं काजं करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बरं झालं वहिनी. तुमचं ऐकायला एकटी मी पुरत नव्हते."

हे कौतुक होतं की काय, अजून ठरवते आहे.

१९ जानेवारी

शाळेनं गणवेश तयार घ्यायचं ठरवलं. अर्थात त्या दुकानातून. अठ्ठावीस वर्षं गावातल्या पोरांची मापं वन्संनी घेतली. कुणाचा खांदा उतरता, कुणाला उन्हाळ्याच्या सुट्टीत किती उंची येते, सगळं त्यांना तोंडपाठ. मी मुख्याध्यापकांना असं खरमरीत पत्र लिहिलं की वाचताना त्यांचा चष्मा गरम झाला असेल.

मला वाटलं होतं, वन्सं रडतील. तर म्हणाल्या, "जाऊ द्या वहिनी. डोळ्यांना तेवढीच विश्रांती." मापांची वही त्यांनी कपाटात वरच्या फळीवर ठेवली आणि दुपारभर मशीनला तेल घालत बसल्या. एवढं तेल कशाला लागतं मशीनला? पण बाई खंबीर, यात वाद नाही. मीच उगाच घाबरले होते.

३ फेब्रुवारी

वन्संची कुणी जुनी मैत्रीण आजारी आहे. हमरस्त्याच्या बाजूला राहते म्हणे. तिच्याजवळ बसायला घरचं कुणी नाही, म्हणून वन्सं आता रोज अकराला जातात आणि पाचला येतात. दुकानाला तेवढा वेळ कडी. शिवायला आलेले कपडे सकाळी लवकर उठून करतात. मी म्हटलं, "तुमच्या तोंडून हिचं नाव कधी ऐकलं नाही ते?" म्हणाल्या, "तुम्ही कुठं विचारलंत?"

तेही खरंच. समितीच्या कामात मला तरी कुठं सवड आहे. रविवारी संध्याकाळी बाजाररस्ता गाड्यांना बंद ठेवायचा, प्रत्येकानं दुकानापुढं टेबल मांडायचं, असं ठरलं. कल्पना माझी. अध्यक्षांनी हातोडी आपटून मंजूर केली. त्यांच्याकडे हातोड्यांना तोटा नाही, प्रत्येक बैठकीला नवी आणतात.

१२ फेब्रुवारी

पहिला रविवार पार पडला! मला वाटलं होतं कुत्रंसुद्धा फिरकणार नाही. दोनशे माणूस आलं असेल. बेकरीवाल्या आजोबांचा पाव तासाभरात संपला. ते रिकाम्या टोपल्यांशेजारी खुर्चीवर बसून नुसते हसत होते. औषधवाल्या बाई टेबलावर रक्तदाब मोजून देत होत्या आणि मोजता मोजता एकेकाला झापत होत्या. त्या मोठ्या दुकानात कोण झापणार आहे आपुलकीनं?

मी आणि वन्संनी 'सुटलेलं बटण लावून मिळेल, फुकट' अशी पाटी लावली. वन्सं उशिरा आल्या, पाय सुजले होते, पण खुर्चीवर बसल्या आणि बघता बघता साठेक बटणं लावली. माणसं अंगातला कोट न काढताच समोर उभी राहायची. वन्सं दोरा दातानं तोडायच्या तेव्हा ती अवघडून आभाळाकडं बघायची.

वर आल्यावर त्यांच्या पायांना गरम पाण्याचं घमेलं दिलं. "आजाऱ्याजवळ बसून पाय कसे सुजतात हो?" म्हटलं. म्हणाल्या, "बसूनच सुजतात."

२१ फेब्रुवारी

शुभवर्तमान. वन्संच्या त्या मैत्रिणीकडे बाहेरगावच्या कुणी बाई येतात, त्यांचा कपडे शिवायचा कारखाना आहे. वन्संनी आमच्या दुकानाचं सांगितलं. बाईंनी सहा डझन बटणं, चार डझन चेन आणि दोऱ्याची दोन खोकी मागवली. पैसे आगाऊ. वन्सं स्वतः पुडे घेऊन गेल्या.

मला किती दिवसांनी खणांपुढं शिडी लावावी लागली!

१० मार्च

बाहेरगावच्या बाई दर आठवड्याला माल घेतात. त्यांची आवड मात्र जगावेगळी. आज त्यांनी ती मोठी हिरवी बटणं मागवली, कोटाची, नऊ वर्षं खणात पडून असलेली. मागच्या आठवड्यात ती लाकडी. आता अशी कोण लावतं? ज्या मालावरची धूळ झटकून मी दमले, नेमका तोच त्या मागतात. देव त्यांचं भलं करो.

बैठकीत मी हे उदाहरण म्हणून सांगितलं. "आपण दर्जा राखला की बाहेरगावची गिऱ्हाइकंसुद्धा येतात." टाळ्या पडल्या. औषधवाल्या बाईंनी तेवढं विचारलं, "त्या बाईंना कुणी बघितलंय का?" म्हटलं, "गिऱ्हाईक बघायचं नसतं, राखायचं असतं." पुन्हा टाळ्या.

२८ मार्च

वन्संच्या बाहीवर दोऱ्याचा तुकडा चिकटला होता. राखाडी, त्यात निळसर झाक. माझ्याकडे दोऱ्याचे एकशे चाळीस रंग आहेत आणि झोपेतून उठवून विचारलं तरी मी ते ओळखीन. हा त्यातला नव्हे. "हा कुठला हो?" म्हटलं. वन्संनी तो उचलून बोटाला गुंडाळला. "मैत्रिणीची गोधडी उसवली होती."

गोधडीला इतका बारीक दोरा? बायका काहीही वापरतात.

जेवताना त्या बसल्या बसल्या झोपल्या. हातात घास तसाच. मी हलवून जागं केलं आणि थोडं रागावलेही, की स्वतःची तब्येत बघा आधी. लोकांची सेवा किती करायची त्यालाही काही मर्यादा.

१५ एप्रिल

आज ठराव झाला आणि तो मी मांडला. बाजाररस्त्यावरच्या ज्या घरातलं माणूस त्या दुकानात नोकरी करील, त्या घराला रविवारच्या बाजारात टेबल नाही. चपलावाल्यांची सून तिथं लागली आहे असं कानावर आलं होतं. एका हातानं इथं टेबल मांडायचं आणि दुसऱ्या हातानं तिथं विकायचं, हे कसं चालेल?

औषधवाल्या बाई म्हणाल्या, "पोट आहे हो माणसांना."

मी म्हटलं, "पोट आम्हालाही आहे. आम्ही विकलं नाही ते."

वाक्य चांगलं जमलं. घरी येऊन वन्संना म्हणून दाखवलं. त्या भाजी चिरत होत्या, सुरी थांबली. म्हणाल्या, "सर्वानुमते झाला का ठराव?"

"औषधवाल्या सोडून."

"मग सर्वानुमते कसा?"

त्यांना असल्या गोष्टीत फार बारीक दिसतं. मोठं चित्र दिसत नाही.

२ मे

बाहेरगावच्या बाईंना मी समितीच्या कागदावर पत्र लिहिलं. आभार मानले, रविवारच्या बाजाराला पाहुण्या म्हणून या, तुमच्यासारख्या गिऱ्हाइकांमुळंच आमच्यासारख्यांची दुकानं उभी आहेत, असं. पत्र वन्संकडे दिलं. आज त्यांनी निरोप आणला, बाईंना यायला जमायचं नाही, पण त्या म्हणाल्या, दुकान चालू ठेवा, बंद करू नका.

मला इतकं भरून आलं. कोण कुठली बाई, तिला माझ्या दुकानाची काळजी.

१६ मे

हे लिहावं की नाही, कळत नाही.

काल बैठकीत चपलावाले उठले. त्यांच्या सुनेचं टेबल बंद झाल्याचा राग होता. म्हणाले, "ठराव सगळ्यांना लागू आहे ना? मग सचिवांच्या नणंदेचं काय? त्या तिथं मागच्या खोलीत बसून पँटी आखूड करतात. तीन महिने झाले."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, माणसानं रागात किती खाली जावं. मग अध्यक्षांकडं बघितलं, तर ते हातोडीच्या दांड्याकडं बघत होते. "मीही पाहिलंय," म्हणाले. "भाव बघायला गेलो होतो मी तिथं." ते तिथं का गेले होते, हे विचारायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

आज अकरा वाजता वन्सं निघाल्या. मी दुकान बंद करून त्यांच्या मागं गेले.

त्या दुकानात मी पहिल्यांदाच पाऊल ठेवलं. कपड्यांच्या मागं एक खोली, खिडकी नाही, डोक्यावर ट्यूब करकरते आहे. मशीनपुढं एक स्टूल. स्टुलाला पाठ नाही. वन्संच्या अंगावर त्या दुकानाचा पिवळा एप्रन, छातीवर बिल्ला. एक गिऱ्हाईक पँट घेऊन उभं होतं आणि वन्सं गुडघ्यांवर बसून त्याच्या पायाशी टाचण्या लावत होत्या.

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. माझ्या घरात राहून, माझ्या पाठीत सुरा खुपसता, असं म्हटलं. मैत्रीण आजारी म्हणे, लाज नाही वाटत, असं म्हटलं. आणि शेवटी म्हटलं, "तुमच्या भावानं ज्या भिंतीत तुमच्यासाठी दार काढलं, ते दार मी उद्याच्या उद्या बुजवून घेते."

वन्सं टाचणी ओठांतून काढून एवढंच म्हणाल्या, "वहिनी, गिऱ्हाईक उभं आहे."

१८ मे

वन्सं गेल्या. हातगाडीवाल्याला बोलावून मशीन, दोन पिशव्या आणि अंथरूण घेऊन गेल्या. हमरस्त्यापलीकडे कुणाकडं खोली घेतली आहे. पलंगाखालची लोखंडी पेटी जड होती म्हणून राहिली. "नंतर मागवून घेईन," म्हणाल्या. मी खाली दुकानातच बसून राहिले. त्या जिन्यावरून उतरल्या, माझ्यासमोरून गेल्या. थांबतील असं वाटलं. थांबल्या नाहीत. थांबवावं असं मला वाटलं होतं का? वाटलं होतं. पण जीभ नको तेव्हा चालते आणि हवी तेव्हा टाळ्याला चिकटते.

दुपारी गवंडी आला. दार बुजवलं. समितीत सगळ्यांनी पाहिलं की सचिवांनी ठराव स्वतःच्या घरापासून पाळला.

९ जून

लेकीचा फोन. आत्याला सगळं विचारून झाल्यावर मग मला केलेला दिसतो.

"आई, तू आत्याला घराबाहेर काढलंस?"

"मी नाही काढलं. त्या गेल्या."

"तू दार बुजवलंस आणि ती गेली. बाहेर काढणं अजून कशाला म्हणतात?"

मी म्हटलं, तुला इथलं काही माहीत नाही. ती म्हणाली, "माझे सगळे फ्रॉक तिनं शिवलेत. मला तेवढं पुरतं." आणि फोन ठेवला.

बाहेरगावच्या बाईंनी १६ मेपासून काही मागवलेलं नाही. वन्संनी त्यांचे कान भरले असणार. माणसानं इतकं मनात ठेवावं? माझ्याशी भांडण असेल तर माझ्याशी, गिऱ्हाइकाला कशाला तोडायचं? तीन दिवसांत एक सुईचं पाकीट विकलं गेलं.

दोघींचा चहा टाकला जातो अजून. चुकून.

१ जुलै

रविवारच्या बाजारात आज सात टेबलं होती. बेकरीवाल्या आजोबांनी बेकरी बंद केली. 'फुकट बटण' माझ्या एकटीकडून होईना. मी एक लावेपर्यंत चार माणसं कंटाळून गेली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "त्या दुसऱ्या बाई कुठं आहेत? त्यांचा हात हलका होता." म्हटलं, बाहेर गेल्यात.

१२ जुलै

आज जे झालं ते सरळ लिहून काढते, नाहीतर लिहिणार नाही.

सकाळी वन्संच्या पेटीसाठी हातगाडीवाला आला. एकट्यानं पेटी खांद्यावर घेतली आणि जिना उतरायला लागला. "बाई, यात दगड भरलेत का?" म्हणाला. पाचव्या पायरीवर त्याचा पाय चुकला. तो कसाबसा सावरला, पण पेटी सुटली, कोयंडा तुटला आणि झाकण उघडलं.

बटणं. जिन्यावरून बटणांचा नुसता लोंढा. हिरवी, लाकडी, शिंपल्याची, पितळी. टणटण उड्या मारत खाली दुकानात, गल्ल्याखाली, थेट रस्त्यावर. चेनच्या जुड्या. दोऱ्याची न फोडलेली खोकी. फुटलेल्या पुड्यांचे तपकिरी कागद, आणि प्रत्येक कागदावर माझं अक्षर. '६ डझन, हिरवी, मोठी.' '४ डझन, लाकडी.' तारखेसकट.

हातगाडीवाला गोळा करायला लागला. मी पायरीवरच बसले. पेटीच्या तळाशी समितीचा कागद होता, चार घड्या घातलेला. माझंच पत्र. 'तुमच्यासारख्या गिऱ्हाइकांमुळंच आमच्यासारख्यांची दुकानं उभी आहेत.'

बाहेरगावच्या बाई कुणी नव्हत्याच.

ती बाई त्या ट्यूबखाली, बिनपाठीच्या स्टुलावर बसायची, लोकांच्या पायाशी वाकायची, आणि मिळेल ते आणून माझ्या खणांतला नासका माल उचलायची. मला कळू नये म्हणून बाहेरगावची व्हायची. आणि मी बैठकीत टाळ्या घेत होते.

हातगाडीवाल्यानं विचारलं, "पेटी न्यायची ना बाई?" म्हटलं, आज राहू दे.

१३ जुलै

गेले होते. पत्ता हातगाडीवाल्याकडून घेतला.

खोली लहान, पण खिडकी आहे. खिडकीशी मशीन. वन्सं वाळल्या आहेत. दार उघडून बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "या. बसा ना वहिनी."

बसा ना. बत्तीस वर्षांत त्यांनी मला बसा म्हटलं नव्हतं. आम्ही एकमेकींच्या खोलीत जायचो आणि जागा असेल तिथं टेकायचो. त्यांनी फळीवरून कप-बशी काढली, पदरानं पुसली, चहा केला. स्वतः पेल्यात घेतला, मला कप-बशी. बरोबर बिस्किटं, ताटलीत मांडून. माझ्याकडून बिस्किट उचलवेना. घरच्या माणसाला कुणी बिस्किटं मांडतं?

मी म्हटलं, "पेटी उघडली."

त्यांनी बिस्किटांची ताटली माझ्याकडं सरकवली.

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर घेतलं असतंत?"

"नाही."

"मग." पेल्यात फुंकर घालत म्हणाल्या, "तुम्ही दुपारी एकट्याच मोठ्यानं बोलायचात. 'आज दोघंच आले. आज कुणीच नाही.' मधे दार होतं, मला सगळं ऐकू यायचं. माझ्या भावाचं दुकान माझ्या डोळ्यांदेखत बंद पडलेलं मला बघवलं नसतं. आणि घरात दोन चुली थोड्याच होत्या? जे माझं ते तिकडेच जायचं. नुसतं दुसऱ्या दारानं."

मी त्यांचे पाय धरले. खोटं नाही, खरंच धरले. म्हटलं, "मी दार परत फोडून घेते. आज. आत्ता गवंड्याला सांगते. रागाच्या भरात गेलं तोंडातून."

"दाराचं मला काही नाही वहिनी," त्या म्हणाल्या. "दार काय, विटा आहेत. चार तासांत फुटतं."

"मग?"

त्या मशीनचं चाक एका बोटानं मागंपुढं करत राहिल्या. "तुम्ही म्हणालात, माझ्या घरात राहून. मी त्या घरात जन्मले वहिनी. वरच्या खोलीत, जिथं तुमचा पलंग आहे तिथं. बत्तीस वर्षांत मला एकदाही वाटलं नव्हतं की मी कुणाच्या घरात राहते. त्या दिवशी टाचण्या लावता लावता कळलं."

मला वाटत होतं, मी दाराचं बोलले ते लागलं. ते दुसरं तर मी बोलता बोलता बोलले. माझ्या लक्षातसुद्धा नव्हतं.

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. "सावकाश जा," म्हणाल्या. पाहुण्याला म्हणतात तसं.

२९ जुलै

ठराव मागे घेतला. मीच मांडला आणि मीच मागे घेतला. चपलावाल्यांच्या सुनेच्या घरी जाऊन तिची माफी मागितली. ती घाबरून मला पाणी द्यायला धावली.

दारही फोडून घेतलं. गवंडी म्हणाला, "बाई, नक्की ठरवा एकदा काय ते." पलीकडचं दुकान झाडून घेतलं. मशीनच्या जागी फरशीवर चार पायांचे खड्डे आहेत. दर दोन दिवसांनी वन्संकडे जाते. त्या प्रत्येक वेळी कप-बशी काढतात.

१७ ऑगस्ट

मोठं दुकान बंद होणार. महिनाअखेर. कंपनीला म्हणे अपेक्षेएवढा धंदा झाला नाही, शेजारच्या मोठ्या गावी जागा घेतली आहे.

अध्यक्षांनी तातडीची बैठक बोलावली. केक आणला होता, तोही आणला कुठून ते विचारू नये. आपल्या गावात आता बेकरीच नाही. "आपण जिंकलो!" म्हणून हातोडी अशी आपटली की केकवरची चेरी उडाली. मी वहीत लिहिलं, 'समितीचं सर्वानुमते अभिनंदन.'

औषधवाल्या बाईंनी हळूच विचारलं, "तिथं कामाला असलेल्या चाळीस बायका आता काय करणार?"

अध्यक्ष केक कापायला लागले. बाहेर रस्त्यावर मी मोजलं. उघडी दुकानं सतरा. मोठं दुकान यायच्या आधी सव्वीस होती.

बैठक संपायच्या आत मी उभी राहिले आणि म्हटलं, वन्संचं दुकान पुन्हा सुरू करायचं, शाळेला गणवेशासाठी पुन्हा गळ घालायची, आपण अकरा जणांनी जायचं. आता आठच उरलोत, पण आठ जणांनी जायचं. सगळे हो म्हणाले. मुख्याध्यापकही हो म्हणाले, फोनवरच! त्यांना आता दुसरा पर्यायच नाही.

मी धावत वन्संकडे गेले. या वयात, हमरस्ता ओलांडून, धावत. "गणवेश परत आले," दारातूनच ओरडले. "वन्सं, गणवेश परत आले!"

त्या अंथरुणाची वळकटी बांधत होत्या. "अरे वा," म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या, चेहरा क्षणभर उजळला. "पोरांना बरं होईल. त्यांचे ते तयार कपडे काखेत काचतात."

"तुम्ही कुठं निघालात?"

"तुमच्या लेकीनं बोलावलंय. तिला दिवस गेलेत. तुम्हाला फोन करणार होती ती आज."

मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, गणवेश कोण शिवणार? त्या म्हणाल्या, चपलावाल्यांच्या सुनेचा हात चांगला आहे, मागच्या खोलीत माझ्याशेजारीच बसायची, मी शिकवलंय तिला. जागा तिला द्या. मापांची वही वरच्या फळीवर आहे.

१ सप्टेंबर

सकाळी दहाच्या गाडीनं वन्सं गेल्या.

मी स्टँडवर गेले होते. मशीन टपावर चढवलं, पोत्यात गुंडाळून. त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. मी खाली उभी. बोलायचं पुष्कळ होतं. आदल्या दिवशी कागदावर लिहूनसुद्धा काढलं होतं, सचिवाची सवय. तोंडातून आलं ते एवढंच, की पाणी घेतलंत का.

"घेतलं," म्हणाल्या. "तुमच्या गुडघ्याला तेल लावत जा. वरचा जिना एका दमात चढू नका."

"तिला जपा," म्हटलं.

"हो."

"नंतर याल ना?"

त्यांनी खिडकीच्या गजावरचा माझा हात थोपटला. दोनदा, हलकेच. ड्रायव्हर अजून चहा पीत होता, गाडी सुटायला पाच-सात मिनिटं तरी होती. वन्संनी रस्त्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"जा तुम्ही आता वहिनी," म्हणाल्या. "दुकान उघडं असेल. गिऱ्हाईक आलं तर परत जाईल."

दुकानाला मी कुलूप लावून आले होते. गिऱ्हाईक येण्यासारखं काही नव्हतं. हे त्यांनाही ठाऊक होतं.

म्हटलं, "हो, जाते."

आणि निघाले. गाडी सुटायच्या आधीच.